बांगडीवालीचा डावा हात

ही गोष्ट मी बरीच वर्षं टाळली. टाळली म्हणजे गप्प बसलो असं नाही. उलट त्या हाताविषयी मी पुष्कळ बोललो. लग्नाच्या पंगतीत, पेन्शनरांच्या बाकावर, कुणी विचारलं की कृत्रिम हात उघडतो-मिटतो कसा, तर मी रंगवून सांगायचो. कोपराखालचा स्नायू, कातडीवर टेकणारा सेन्सर, तिथून मोटरला जाणारा इशारा. लोक तोंड उघडं ठेवून ऐकायचे. आणि बोलणं लोहा गावच्या बाईपर्यंत आलं की मी चहा मागवायचो.

गेल्या महिन्यात नांदेडच्या एका कॉलेजात मुलांनी बनवलेला यांत्रिक हात बघायला मला बोलावलं होतं. त्या हातानं टेबलावरचं द्राक्ष उचललं, फुटू न देता. टाळ्या झाल्या. एका मुलीनं मला विचारलं, आजोबा, तुमच्या वेळी बोटांत सेन्सर असायचे का? मी म्हणालो, असायचे. चालायचे का? मी म्हणालो, नेहमी नाही. ती हसली आणि पुढच्या टेबलाकडे गेली. तिला मी अर्धंच उत्तर दिलं. उरलेलं अर्धं आता लिहितो आहे. वय चौऱ्याहत्तर झालं, आणि ज्यांच्यापुढे मान खाली गेली असती त्यांतलं आता इथं कुणी उरलेलं नाही. धीर आला तो त्यामुळे. त्यात शौर्य काही नाही.

मी आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियनचा ट्रेड शिकवायचो. रविवारी आजूबाजूच्या गावांत जाऊन विहिरीवरच्या मोटरींचे स्टार्टर दुरुस्त करायचो. स्टार्टरमध्ये एक रिले असतो. मोटर जास्त तापली की तो लाइन तोडतो, मोटर जळू नये म्हणून. पण आमच्याकडे व्होल्टेज पडलेलं, लाइट चार तास, आणि हा रिले दर दहा मिनिटांनी मोटर बंद पाडणार. शेतकरी वैतागून म्हणायचा, मास्तर, काढा ते झंजट. मग मी रिले काढून तिथं तारेचा तुकडा जोडायचो. याला आम्ही डायरेक्ट करणं म्हणतो. वर्गात मुलांना बजावून सांगायचो की असं कधीही करू नका, आणि रविवारी स्वतः करायचो. काही मोटरी जळाल्या. मोटर जळली तर वायंडिंग नव्यानं भरता येतं, त्यामुळे कुणी फारसं मनावर घेतलं नाही. मीही नाही. तीस वर्षं हे केल्यावर ते डोक्यात राहत नाही, बोटांत उतरतं. जे अडवतं ते काढायचं.

निवृत्त झाल्यावर लातूरच्या एका संस्थेनं मला बोलावलं. त्यांची कृत्रिम पायांची कार्यशाळा होती. प्लॅस्टरचे साचे, घासकामाची धूळ, बाहेर बाकावर बसलेली, एक पाय नसलेली माणसं. कुणा देणगीदाराच्या कृपेनं बॅटरीवर चालणारे काही हात आले होते आणि त्यातली वायर कुणाला कळत नव्हती. सोमवारी सकाळी नांदेडहून निघायचं, शनिवारी संध्याकाळी परत, असा माझा क्रम बसला. लोहा वाटेतच लागायचं. तेव्हा ते माझ्यासाठी फक्त भजी खायला बस थांबायची ती जागा होती.

ती बाई लोह्याची. बांगड्या विकणारं मनियार कुटुंब, तीन पिढ्यांचं दुकान. पंचेचाळिशीची असेल. जीपमध्ये खिडकीबाहेर कोपर काढून बसली होती, समोरून उसाची ट्रॉली आली. डावा हात कोपराखाली जेमतेम चार बोटांएवढा उरला. सोबत नवरा होता, फार न बोलणारा. मी तिला भाभी म्हणू लागलो, ती मला सगळ्यांसारखी मास्तर म्हणायची.

फॉर्म भरताना मी सहज म्हणालो की उजवा हात शाबूत आहे हे नशीब. तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी पेन खाली ठेवलं. मग तिनं मला बांगडी भरणं समजावलं. बघणाऱ्याला ते उजव्या हाताचं काम वाटतं. उजवा नुसता बांगडी सरकवतो. डावा गिऱ्हाइकाचा पंजा धरतो, अंगठ्याखालचं हाड आत दाबतो, पंजा केवढा नरम आहे, किती दुमडेल, कुठे थांबायचं हे डाव्याला कळतं. शेवटी काच आहे, मास्तर. एक केसभर जास्त झालं की गेली.

हात गेल्यावर ती गिऱ्हाइकाचा पंजा दोन गुडघ्यांत धरून बांगड्या भरायची. दुकानात बायका चालवून घ्यायच्या, हसायच्याही. पण तिचं दुकान चालायचं ते लग्नसराईतल्या चुड्यावर. गावोगावच्या घरांतून तिला बोलावणं यायचं. नवरीला पाटावर बसवायचं, तिचा हात मांडीवर घ्यायचा, हिरवा चुडा भरायचा, मग ओटीत तांदूळ-खोबरं आणि खण घेऊन उठायचं. नवरीचा हात गुडघ्यांत धरलेला कोणत्या घरच्या म्हाताऱ्यांना चालणार? दोन हंगाम तिला कुणी बोलावलं नव्हतं. तिला हात हवा होता तो एवढ्यासाठी. पाणी प्यायला, वेणी घालायला तिचा एक हात पुरत होता.

उरलेल्या हातावर सेन्सर कुठे बसवायचा ते शोधावं लागतं. स्नायू आवळला की कातडीवर अगदी किंचित वीज उमटते, ती मीटरवर दिसते. लोकांना हे जमायला आठवडे लागत. नसलेली मूठ मिटा म्हटलं की गोंधळत, खांदा उडवत. तिनं डोळे मिटले आणि पहिल्याच झटक्यात काटा पार गेला. मी विचारलं, काय आणलं मनात?

"गिऱ्हाइकाचा अंगठा दाबला," ती म्हणाली. "रोज दाबायलीच की मी. झोपेतबी."

मला भलताच आनंद झाला. मी सगळ्या कार्यशाळेला गोळा करून दाखवलं. आणि तेव्हापासून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायला लागलो की हा हात म्हणजे मनातलं ओळखणारं यंत्र आहे. तुमच्या मनात येईल ते तो करतो. हे वाक्य मला फार आवडायचं. तिच्या नवऱ्याला, तिच्या शेजारणींना, वर्तमानपत्रवाल्याला, सगळ्यांना मी हेच ऐकवलं.

तिनं मात्र एक नेमका प्रश्न विचारला. पंजा नरम आहे की कडक हे ह्या हाताला समजेल का? मी रबराच्या मोज्याखालचं बोट उघडून दाखवलं. अंगठ्याच्या आणि तर्जनीच्या टोकाला नखाएवढी पातळ चकती होती. तिच्यावर दाब आला की हात आपोआप मिटायचा थांबतो, तुम्ही कितीही जोर लावा.

ती चकतीकडे बघत राहिली. "म्हणजे ह्याला कळतंय. मला न्हाई."

"तसंच समजा."

"मंग माझ्या वतीनं ह्यानं जपायचं."

"हो," मी म्हणालो. "जपेल."

तीन आठवडे सराव केला. कागदी पेले, मग केळी, मग बांगड्यांचा डबा. शेवटी माझा हात. तिनं माझा पंजा धरला, चकतीनं थांबवलं तिथं तो थांबला, आणि उजव्या हातानं तिनं एक बांगडी माझ्या बोटांवर टेकवून पाहिली. म्हणाली, मास्तर, तुमचा पंजा लई राठ, तुम्हाला दोन-दहाच्या मापाखालची बांगडी चढायची न्हाई. सगळे हसले. नवराही हसला. मी त्याला एवढा एकदाच हसताना पाहिलं.

वाटपाचा कार्यक्रम नांदेडला ठेवला होता, मे महिन्यात, उघड्या मैदानावर मंडप घालून. पाहुणे मोठे होते. उन्हानं मंडपाचं कापडसुद्धा हाताला चटका देत होतं. स्टेजमागे मी एकेक हात तपासत होतो. तिचा हात अर्धा मिटून थांबला. पुन्हा उघडला, पुन्हा अर्ध्यावर थांबला. रबराचा मोजा उष्णतेनं चिकट होऊन चकतीवर आवळला होता. बोटांत काहीच नसताना हाताला वाटत होतं की काहीतरी धरलं आहे. करायचं होतं ते सोपं होतं. मोजा काढून हात ओल्या फडक्यात गार करायचा, मोजा नीट बसवायचा. अर्धा-पाऊण तास लागला असता. संस्थेचे सचिव आले, घड्याळ दाखवलं. पाहुणे तिच्याशी हस्तांदोलन करणार, फोटो निघणार, हात मध्येच अडकला तर देणगीदारापुढे शोभा होईल. दहा मिनिटं आहेत, बघा काहीतरी, असं म्हणून ते गेले.

माझ्या पेटीत रेझिस्टर होते. मी चकतीच्या दोन तारा सोडवल्या आणि तिथं एक रेझिस्टर जोडला, म्हणजे बोटं कायम रिकामीच आहेत असं आतल्या सर्किटला वाटत राहणार. चार मिनिटांत काम झालं. हात सरळ मिटायला लागला. मी डायरेक्ट केलं होतं. तेव्हा हा शब्द मनात आलासुद्धा नाही.

स्टेजवर जाताना मी तिला एवढंच सांगितलं की मनात अगदी हलकं आणा आणि लगेच सोडून द्या. ती हुशार होती, तिनं तसंच केलं. पाहुणे म्हणाले, बाईंच्या हातात ताकद आहे. खाली बसल्यावर ते टेबलाआड बोटं चोळत होते. मी ते पाहिलं.

कार्यक्रम संपल्यावर हात परत घेऊन चकती जोडणार होतो. पण तिच्या माहेरची माणसं जीप घेऊन आली होती, हार-फोटो-जेवण यात संध्याकाळ झाली. जीप निघायच्या घाईत होती; हात ठेवून घेतला असता तर तो लातूरला न्यावा लागला असता, आठ दिवस गेले असते, आणि तिला पुढच्याच आठवड्यात एका घरून चुड्याचं बोलावणं आलं होतं, दोन वर्षांनंतरचं पहिलं. ती ते सगळ्यांना सांगत होती. तपासणीला ती पंधरा दिवसांनी येणारच होती, तेव्हा करू असं मी ठरवलं. निदान एक वाक्य सांगता आलं असतं, की भाभी, तोवर माणसाच्या हाताला लावू नका. ते वाक्य सांगायचं तर का ते सांगावं लागलं असतं, आणि सचिव चार पावलांवर उभे होते. जीप गेली. मी आइस्क्रीम खाऊन घरी गेलो.

अकराव्या दिवशी तिचा नवरा एकटाच कार्यशाळेत आला. कापडी पिशवीतून त्यानं हात काढून माझ्या टेबलावर ठेवला. रबराच्या घडीत हिरव्या काचेचा चुरा होता.

त्यानं जे सांगितलं ते असं. लोह्याच्या पलीकडचं गाव, भरलेलं घर, पाटावर नवरी. चार बांगड्या चढल्या. पाचवीला मुलीनं जरा हात आखडला. हिनं सवयीनं थोडं जास्त धरलं, तर हात मिटतच गेला. मुलगी ओरडली. ही घाबरली, आणि माणूस घाबरला की सगळे स्नायू आवळतात, घामानं इशारा आणखी जोराचा जातो. "ही वरडायली, सोड, सोड," नवरा म्हणाला. "कुणाला, तर आपल्याच हाताला." शेवटी तिनं उरलेला हात त्या साच्यातून हिसडून बाहेर काढला आणि मागे सरकली. तो रबरी पंजा नवरीच्या हाताला तसाच लोंबत राहिला. बायका रडायला लागल्या. कुणीतरी पकडीनं बोटं फाकवली.

"बांगड्या वाढल्या, मास्तर," तो म्हणाला. फुटल्या असं आपल्याकडे म्हणत नाहीत, त्यानंही म्हटलं नाही. मुलीच्या अंगठ्याखाली टाके पडले. लग्न झालं, पण नवरीचा एक हात पट्टीत. चुडा भरताना रक्त आलं हे दहा गावांत पसरलं.

मी त्याला पाणी दिलं. तेव्हा सांगायचं होतं. तो समोर बसला होता, हात टेबलावर होता, मोजा उलटून रेझिस्टर दाखवायला मला दोन मिनिटं लागली असती. मी म्हणालो, ठेवून जा, बघतो.

पुण्याहून कंपनीचा इंजिनिअर तपासणीला येणार होता. तो यायच्या आधी दार लावून मी रेझिस्टर काढला, चकतीच्या तारा होत्या तशा जोडल्या, मोजा धुऊन चढवला. इंजिनिअरनं सगळ्या चाचण्या घेतल्या. हात निर्दोष होता. अहवाल मराठीत मी लिहिला, कारण माझं अक्षर चांगलं. वापरणाऱ्या व्यक्तीने घाबरून सतत इशारा दिल्यामुळे पकड सुटली नाही, असं वाक्य आहे त्यात. नवऱ्याला बोलावून मीच ते वाचून दाखवलं. त्यानं खाली सही केली. हात परत नेणार का म्हटलं तर नको अशी मान हलवली.

आणि मग माझंच वाक्य फिरून आलं. मनात येईल ते हा हात करतो. मी ते सगळ्यांना ऐकवलं होतं, वर्तमानपत्रातही छापून आलं होतं. त्या बाईची स्वतःची मुलगी त्याच वर्षी सासरहून परत आली होती, कायमची. गावानं दोन्ही जोडलं. दुसऱ्याच्या नवरीचं हिला बघवलं नाही, म्हणून पंजा आवळला. यंत्र खोटं बोलत नाही, मास्तरच तसं म्हणायलेत. त्यानंतर तिला कुठल्याच घरून बोलावणं आलं नाही. दुकानातसुद्धा बायका तिच्या नवऱ्याकडून बांगड्या भरून घ्यायच्या आणि तिच्याकडे पाठ करून बसायच्या.

मी दर सोमवारी आणि शनिवारी लोह्यावरून जायचो. बस थांबली की उतरायचो नाही, दुसऱ्या बाजूच्या खिडकीकडे तोंड करून बसायचो. घरी बायकोनं एकदा विचारलं, त्या बांगडीवालीचं काय झालं हो? मी म्हणालो, तिला जमलं नाही.

दीड वर्षानं एका शनिवारी उतरलो. दुकान सापडलं. नवरा बाजाराला गेला होता. ती आत जमिनीवर बसून बांगड्या मापाप्रमाणे वेगळ्या करत होती, गुडघ्यांत धरलेल्या दोरीत ओवून, उजव्या हातानं. डाव्या बाहीला टाचणी लावलेली. मला बघून उठली, पदर सावरला, मुलीला चहा टाकायला सांगितलं. मी स्टुलावर बसलो. बसमध्ये जुळवलेलं वाक्य ओठांवर होतं.

पण तीच आधी बोलली. "मास्तर, तुमचं नाव खराब केलं मी. एवढी मेहनत घेतली तुम्ही." मग आवाज बारीक करून म्हणाली, "मला ठाव न्हवतं माझ्या मनात तसलं काही हाय म्हणून. आजबी सापडत न्हाई. पण असंल. त्याबिगर का हात तसं करंल?"

ती बांगड्यांकडे बघत होती. माफ करा मला, म्हणाली.

मी म्हणालो, "जाऊ द्या भाभी. होतं असं."

हे मी केलं. तिची माफी मी घेतली. चहा प्यालो, बशी खाली ठेवली, निघताना बायकोसाठी डझनभर बांगड्या मागितल्या, आणि तिनं पैसे घेतले नाहीत. त्या बांगड्या बरेच दिवस कपाटात होत्या. बायकोला माप लहान पडलं.

त्यानंतर मी लातूरचं काम सोडलं. गुडघे दुखतात असं कारण दिलं. वर्षं गेली. मध्ये साथीची दोन वर्षं सगळ्यांचीच गेली. सचिव वारले. बायको गेली. तिच्या तेराव्यानंतर मी ठरवलं की आता लोह्याला जायचं, आणि त्यालाही एक वर्ष लागलं. बसमध्ये यावेळी लिहूनच नेलं होतं, म्हणजे तोंड फिरलं तरी कागद पुढे करता येईल.

दुकानाच्या जागी मोबाइलची कव्हरं लटकत होती. शेजारचा शिंपी जुना होता. तो म्हणाला, भाभी तर दोन वर्षं झाली, काविळीनं गेल्या. नवरा आणि मुलगी निजामाबादला नातेवाइकांकडे. पत्ता त्याला माहीत नव्हता. तुम्ही कोण, असं त्यानं विचारलं. मी म्हणालो, ओळखीचा. त्यानं कब्रस्तानाची वाट दाखवली. मी तिकडे गेलो नाही. परतीच्या बसमध्ये बसलो. कागद खिशातच होता.

त्यावर लिहिलेलं असं होतं. भाभी, तुमच्या मनात त्या पोरीसाठी वाईट काही नव्हतं. शोधू नका, सापडणार नाही. हाताच्या बोटातला सेन्सर मी काढला होता, मंडपामागे, स्टेजवर शोभा होऊ नये म्हणून, आणि तुम्हाला सांगितलं नाही. नंतर तो पुन्हा लावून अहवालात दोष तुमच्यावर लिहिला, तोही मीच. तुम्ही माझी माफी मागितलीत तेव्हा मी ती घेतली. ती माझी नव्हती. मला माफ करा.